एल निनो, ला निना आणि आपल्याकडची अतिवृष्टी : नक्की संबंध काय?

सीनाकाठ

मंडळी, बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून धागा काढतोय. आमचा भाग परंडा-करमाळा पट्ट्यातला, सीनेच्या काठचा. २०१५ चा दुष्काळ टँकरवर काढला, शेजारी लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते सगळ्यांना आठवत असेल. आणि २०२५ च्या सप्टेंबरात त्याच सीनेनं पात्र सोडलं, खाली माढा-मोहोळपर्यंत गावंच्या गावं पाण्यात, लांबोटीजवळ सोलापूर-पुणे हायवे बंद. सोयाबीन काढणीला आलेलं, उभ्या शेंगेत कोंब फुटले. पिकाचं एक वेळ सोडा, पुढच्या हंगामात येईल, पण नदीकाठची काळी माती खरडून गेली आणि खालचा मुरूम उघडा पडला, तिथं आता ट्रॅक्टरचा फाळ नुसता खरखरतो.

माझा प्रश्न असाय. दरवर्षी एप्रिलात बातमी येते, यंदा एल निनो आहे पाऊस कमी, यंदा ला निना आहे पाऊस चांगला, सरासरीच्या १०५ टक्के. त्यावर लोक तूर की सोयाबीन ठरवतात, बियाणं उचलतात. पण आमची वाट लागली ती हंगामाच्या टक्क्यानं नाही, मोजक्या दिवसांत पडलेल्या पावसानं लागली. मग हे एल निनो, ला निना, आयओडी वगैरे प्रकरण त्या मोजक्या दिवसांबद्दल काही सांगतं का? की ते फक्त टक्क्यापुरतं? जाणकारांनी सोप्या भाषेत लिहा, इथं बरेच शेतकरी वाचक आहेत.

घाटमाथा

चांगला धागा. हवामान हा माझा वर्गात शिकवायचा विषय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी टक्का म्हणजे काय ते बघू. हवामान विभाग जून ते सप्टेंबर अख्ख्या देशावर पडणारा पाऊस एकत्र करून सरासरी काढतो. १९७१ ते २०२० या काळाची सरासरी ८७ सेंमी. म्हणजे मेघालयापासून जैसलमेरपर्यंत आणि चार महिने, सगळं एका आकड्यात. एल निनोचा जो काही हात चालतो तो मुख्यतः या आकड्यावर. प्रशांत महासागराचा मधला आणि पूर्वेचा भाग तापला की ढगांचा मोठा कारखाना इंडोनेशियाकडून तिकडे सरकतो, मग आपल्या बाजूला हवा वर जाण्याऐवजी खाली बसायला लागते आणि पाऊस आखडतो. याच्या उलट, तोच भाग थंड पडला की ला निना. हा जागतिक झोका पहिल्यांदा नीट मांडला तो गिल्बर्ट वॉकर यांनी, आणि ते भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते, १९०४ पासून. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर मान्सूनचा अंदाज हा इथे जिवाचा प्रश्न होता, त्यातूनच ते काम उभं राहिलं. १८७७ जबरदस्त एल निनो, १९७२ एल निनो, २००९ आणि २०१५ पण. आपल्याकडचे मोठे दुष्काळ आणि एल निनो यांचं जमतं, हे खरंच आहे.

आता हे आकडे बघा. २००५ साली देशाचा मान्सून सरासरीच्या ९९ टक्के. कागदावर अगदी आदर्श वर्ष. त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी. २०२१ चा मान्सून परत ९९ टक्के. त्याच वर्षी २२ जुलैला तळिये गाव दरडीखाली गेलं, चिपळूण बुडालं आणि महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिमी. दोन्ही वर्षी त्या जुलैत ना एल निनो ना ला निना, प्रशांत महासागर तटस्थ.

अजून एक. २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ आणि कुलाब्याला ७३. एकाच शहरात! हजारो किलोमीटर लांबचा समुद्र अर्धा-एक अंशानं गरम झाला की नाही यावरून हा फरक कुणी सांगू शकत नाही, सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

नवखी_पेरणी

सर खूप छान लिहिलंय. एक विचारू का, ते आयओडी पण सारखं ऐकू येतं, ते एल निनोचाच भाऊ का?

घाटमाथा

ताई, साधारण तसाच प्रकार पण आपल्या हिंदी महासागरातला. आफ्रिकेकडची बाजू गरम आणि सुमात्राकडची बाजू थंड झाली की पॉझिटिव्ह, उलटं झालं की निगेटिव्ह. १९९९ मध्ये साजी, यामागाता वगैरे शास्त्रज्ञांनी तो नावानिशी दाखवला. कारण १९९७ चं कोडं होतं, शतकातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक एल निनो आणि तरी आपला मान्सून १०२ टक्के, दुष्काळ पडलाच नाही. तेव्हा हिंदी महासागरात पॉझिटिव्ह आयओडी चालू होता. आपल्या सुलोचना गाडगीळ यांनी याच समुद्रावरच्या ढगांचा आणि वाऱ्यांचा वेगळा झोका दाखवला, त्याला इक्विनू म्हणतात. एल निनो आणि इक्विनू दोन्ही मिळून बघितले तर कुठलं वर्ष फार बुडालं आणि कुठलं तरलं याचा उलगडा एकट्या एल निनोपेक्षा कितीतरी बरा होतो.

कृष्णामाई

सांगलीहून लिहितेय. २०१९ चं उदाहरण यायलाच पाहिजे. त्या वर्षी जूनमध्ये देशात ३३ टक्के तूट होती, वर्षाच्या सुरुवातीला हलका एल निनो होता, आमच्याकडे सगळे म्हणत होते कोयना भरणार नाही. नंतर काय झालं तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घाटात असा पाऊस लागला की उघडीपच नाही, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला धोका पातळी ४३ आणि पाणी ५५ च्या वर. गावभागात, बसस्टँडच्या बाजूला, लोकांच्या पहिल्या मजल्यावर पाणी. आमच्या घरी धान्याची कोठी माळ्यावर चढवली होती तीसुद्धा भिजली.

त्या सालचा पॉझिटिव्ह आयओडी खूप मोठा होता म्हणतात, आणि हंगाम ११० टक्क्यांवर संपला, सप्टेंबर तर दीडपट. पण माझा मुद्दा वेगळा आहे. जून ३३ टक्के कमी आणि सप्टेंबर ५२ टक्के जास्त, दोन्ही मिळून "चांगला मान्सून" होतो. सरासरी नावाच्या गोष्टीखाली दुबार पेरणी पण लपते आणि पूर पण लपतो.

(अलमट्टी धरणामुळं पूर येतो का हा वाद इथं नको, त्यावर वडनेरे समितीचा अहवाल आहे, त्याचा वेगळा धागा काढा.)

मेलबर्नचा_मराठी

कृष्णामाई, २०१९ च्या त्याच आयओडीचं दुसरं टोक आम्ही इथं बघितलं. पॉझिटिव्ह असला की पाऊस तुमच्या बाजूला आणि पूर्व आफ्रिकेकडे, ऑस्ट्रेलिया कोरडी. २०१९ च्या शेवटी आणि २०२० च्या जानेवारीत इथं जंगलं पेटली, मेलबर्नमध्ये धुरानं सूर्य दिसत नव्हता, आणि त्याच सुमाराला केनिया-सोमालियात पूर. सांगलीच्या आत्याला मी फोनवर पुराचं विचारत होतो आणि काही महिन्यांनी ती मला आगीचं विचारत होती, दोन्हीमागे समुद्र एकच.

२०२२ मध्ये उलटं झालं, सलग तिसरं ला निना आणि निगेटिव्ह आयओडी. लिस्मोर नावाचं गाव आहे, तिथं २८ फेब्रुवारीला नदी १४.४ मीटरवर गेली, आधीचा विक्रम साधारण १२ मीटरचा, म्हणजे दोन मीटरनी मोडला. २०२२ हे सिडनीच्या नोंदींमधलं सगळ्यात ओलं वर्ष, २५०० मिमीच्या वर. इथलं हवामान खातं एन्सो (म्हणजे एल निनो-ला निनाचा झोका), आयओडी आणि दक्षिणेकडच्या वाऱ्यांचा एक निर्देशांक असं सगळं नियमित लोकांना सांगत असतं, आणि शेतकरी खरंच वाचतात. पण लिस्मोरच्या लोकांना ला निना माहीत असूनही १४ मीटरची तयारी नव्हती हेही खरं.

जुनं_ते_सोनं

सगळं वाचलं. थोडं वेगळं मत मांडतो. पाऊस पहिल्यापासून असाच लहरी आहे. १९७४ च्या जुलैत सांताक्रूझला ३७५ मिमी झालाच होता की, तेव्हा कुठं होतं क्लायमेट चेंज? आमचे वडील हस्ताच्या पावसात बैलगाड्या वाहून गेल्याचं सांगायचे. आता नदीपात्रात घरं बांधायची, ओढे बुजवून प्लॉटिंग करायचं आणि खापर समुद्रावर फोडायचं हे बरोबर नाही.

वाशिष्ठी

जुनं ते सोनं काका, ओढ्याचं आणि नदीपात्राचं १०० टक्के मान्य. मी चिपळूणची. आमच्या वाशिष्ठीत गाळ किती साचलाय ते बाजारपुलावर उभं राहिलं तरी दिसतं, २००५ ला पण बुडालो आणि २०२१ ला पण. त्यात भरतीची वेळ साधली की पाणी खाडीत उतरतच नाही, मागेच फुगतं. पण २२ जुलैला पहाटे पाणी ज्या वेगानं चढलं तो वेग नुसत्या गाळाचा नव्हता, वर घाटात पडलेल्या पावसाचा होता. दोन्ही गोष्टी एकावेळी खऱ्या असू शकतात ना? गाळ काढायची मागणी आम्ही सोडणार नाही आणि पाऊस बदललाय हे म्हणायचंही सोडणार नाही.

पर्जन्यमापक

काकांच्या १९७४ च्या मुद्द्याला उत्तर देतो, कारण पावसाच्या आकड्यांवर काम करणं हा माझा रोजचा धंदा. एखादा मोठा दिवस पूर्वीही असायचा, वाद त्याबद्दल नाहीच, प्रश्न किती वेळा आणि किती मोठ्या भागावर हा आहे. २००६ मध्ये गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी मध्य भारताच्या पन्नासेक वर्षांच्या नोंदी काढून दाखवलं की जोरदार पावसाचे दिवस वाढतायत, मध्यम पावसाचे कमी होतायत, आणि म्हणून बेरीज फारशी हलत नाही. २०१७ मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी कोल यांच्या गटानं १९५० ते २०१५ बघितलं. दिवसाला १५० मिमीच्या वर आणि तेही मोठ्या पट्ट्यावर, असे प्रसंग गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मधल्या भारतात तिप्पट झाले, आणि त्याच काळात तिथला हंगामाचा एकूण पाऊस कमी होत गेला. हे परत वाचा. एकूण कमी आणि टोकाचे तिप्पट.

कारण त्यांनी अरबी समुद्राकडून येणाऱ्या बाष्पात शोधलं. पश्चिम हिंदी महासागर गेल्या शंभरेक वर्षांत सुमारे १.२ अंशानं तापलाय. हवा एक अंशानं गरम झाली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते. त्यात पश्चिमेचे वारे आता जास्त हेलकावे खातात, कधी दुबळे, कधी एकदम जोर धरतात, आणि जोर धरला की दोन-तीन दिवस वाफेचा लोंढा आत येतो. पुढं सह्याद्री उभा आहेच, किंवा बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचा पट्टा मध्य भारतावर आलेला असतो, मग ती सगळी वाफ तिथं खाली होते.

सीनाकाठ, तुमच्याकडं २०२५ च्या सप्टेंबरात हेच झालं. बंगालच्या उपसागरातून एकामागून एक कमी दाब पश्चिमेकडं आले आणि विदर्भ-मराठवाड्यावरून सरकले, आधीचं पाणी जमिनीत मुरायच्या आत पुढचा. गंमत बघा (गंमत नाही खरं तर), त्या महिन्यात आयओडी निगेटिव्ह होता, जो आपल्या मान्सूनला वाईट समजतात. आयओडी बघून कुणी मराठवाड्याला सांगितलं असतं की कोरडं जाणार, तर लोक बेसावध राहिले असते.

जुनं_ते_सोनं

तिप्पटचा मुद्दा माझ्यासाठी नवीन आहे. मग एल निनोच्या वर्षी तरी टोकाचा पाऊस कमी असेल ना, एकूणच कमी असतो तर?

पर्जन्यमापक

काका, नेमका प्रश्न विचारलात. सगळ्यांना असंच वाटतं, आणि तसं नाहीये. २०२५ मध्येच सायन्स या नियतकालिकात एक अभ्यास आला, शतकाहून जास्त काळाच्या पर्जन्यमापकांच्या नोंदींवर. एल निनोच्या उन्हाळी मान्सूनमध्ये देशाचा जो कोरडा भाग आहे, म्हणजे वायव्येकडचा आणि आग्नेयेकडचा, तिथं एकूण पाऊसही घटतो आणि टोकाचा पाऊसही. पण जो ओला भाग आहे, मधला भारत आणि नैऋत्य किनारा, तिथं अतिजोरदार पावसाची शक्यता उलट वाढते. पावसाचे दिवस कमी, पण पडला की तुटून पडतो.

आपल्याकडं हे डोळ्यासमोर आहे. २०१४ चा मान्सून ८८ टक्के, तुटीचं साल, आणि ३० जुलैला माळीण गाव दरडीखाली गेलं. २०२३ एल निनोचं साल, हंगाम ९४ टक्के. त्या वर्षी १९ जुलैच्या रात्री इर्शाळवाडी गेली आणि लगेच पुढचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट निघाला. एकाच हंगामात, एकाच राज्यात दरड पण आणि खंड पण. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, एल निनोची बातमी आली की दुष्काळाची तयारी करा पण पुराची तयारी खुंटीला टांगू नका, विशेषतः घाटाखालच्या वाड्यांनी.

(एकट्या माळीणचं कारण एल निनो असं मी म्हणत नाहीये. एकेक घटना अशी चिकटवता येत नाही.)

वाशिष्ठी

हे प्रत्येक तहसीलदाराच्या टेबलावर चिकटवायला पाहिजे. आमच्याकडं "यंदा पाऊस कमी" म्हटलं की मान्सूनपूर्व बैठकासुद्धा उरकल्यासारख्या होतात.

सीनाकाठ

पर्जन्यमापक साहेब, घाटमाथा सर, मनापासून आभार, माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. म्हणजे टक्का बघून पीक ठरवायचं ते ठरवा, पण पुरासाठी टक्का कामाचा नाही. मग आम्ही बघायचं काय? दोन आठवडे आधी तरी काही कळतं का? काढणी आठ दिवस अलीकडं घेता आली असती तर निम्मं सोयाबीन घरात आलं असतं.

आणि एक गाऱ्हाणं. मदतीसाठी महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर नोंद लागते. मंडळाचं केंद्र आमच्या शिवारापासून लांब, तिथं कमी पडला आणि आमच्या बांधावरून पाणी वाहत होतं. पंचनाम्याला आलेले म्हणाले, नोंद नाही. शेवटी पूर नदीचाच आल्यामुळं नाव लागलं, पण जुलैत ओढ्याच्या पाण्यानं ज्यांचं गेलं ते तसेच राहिले.

घाटमाथा

सीनाकाठ, कळतं, पण मोसमाच्या बातमीतून नाही. मधली पायरी आहे तिच्याकडं आपलं लक्ष नसतं. विषुववृत्ताजवळ ढगांचा एक मोठा पट्टा पूर्वेकडं सरकत पृथ्वीला फेरी मारतो, ३० ते ६० दिवसांत, त्याला एमजेओ म्हणतात. तो हिंदी महासागरावर चांगल्या जोरात असला की आपल्याकडं कमी दाब तयार व्हायला आणि पाऊस जागा व्हायला अनुकूल, तो प्रशांतकडं गेला की बऱ्याचदा खंड, पाऊस हिमालयाच्या पायथ्याला जाऊन बसतो. हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज काढतो त्यात हे सगळं असतं, आठवड्यागणिक नकाशे असतात, हिरवा म्हणजे जास्त, तांबडा-पिवळा म्हणजे कमी. त्यात तुमचं गाव दिसणार नाही, मराठवाडा दिसेल. सप्टेंबरात दोन आठवडे सलग मराठवाडा गडद हिरवा दिसला आणि सोयाबीन पिवळं पडलेलं असेल तर काढणीची माणसं आणि ताडपत्री आधी बघून ठेवायची. नंतर जिल्ह्याचा चार-पाच दिवसांचा इशारा, आणि शेवटच्या काही तासांत रडार. मोसमाच्या अंदाजावर बियाणं ठरवा, गुरुवारच्या अंदाजावर फवारणी आणि काढणी, इशाऱ्यावर जनावरं हलवा. दुसऱ्या आठवड्याच्या पुढचं मात्र फार मनावर घेऊ नका, तिथं खात्री झपाट्यानं उतरते.

नवखी_पेरणी

गुरुवारचं आजच बघितलं, इंग्रजीत आहे पण नकाशे कळतात. हे मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर का येत नाही?

कृष्णामाई

+१. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर मी आयर्विनची पातळी रोज टाकते, आता गुरुवारचा नकाशा पण टाकीन, खाली दोन ओळी मराठीत.

पर्जन्यमापक

सीनाकाठ, नोंदीच्या गाऱ्हाण्यावर. ६५ हा आकडा हवामान विभागाच्या जोरदार पावसाच्या खालच्या मर्यादेशी जुळतो, ती ६४.५ मिमी आहे. अडचण आकड्यात नाही, एका मंडळाला एकच मापक यात आहे. २००५ ला सांताक्रूझ आणि कुलाब्यात काय फरक होता तो वर आलाच आहे, मग दहा-पंधरा गावांच्या मंडळात का नसेल? पाऊस जितका तुकड्या-तुकड्यात आणि टोकाचा होत जाईल तितकं एका ठिकाणचं मापन बाकीच्या गावांवर अन्याय करणार. त्यामुळं गावागणिक मापक मागा, आणि तोवर स्वतःचं ठेवा. सरकारी पंचनाम्यात त्याला आज किंमत नसेल, पण चार-पाच गावांच्या रोजच्या, न चुकवलेल्या नोंदी एकत्र दाखवल्या तर कुणाला तरी उत्तर द्यावंच लागेल.

सीनाकाठ

आमच्याकडं पाच गावांतली पोरं तयार आहेत. मापक कुठं आणि कसं बसवायचं ते सांगा, चुकीचं बसवून नोंदी वाया जायला नकोत.

पर्जन्यमापक

साधं नरसाळ्याचं, मोजपट्टीच्या काचेचं घ्या. तोंड जमिनीपासून ३० सेंमी उंचीवर आणि अगदी सपाट, पाणपातळीनं तपासा. गच्चीवर नको, वाऱ्यानं थेंब उडतात. झाड किंवा भिंत जितकी उंच तिच्या निदान दुप्पट लांब, जमलं तर चौपट. वाचन रोज सकाळी साडेआठला, पाऊस नसला तरी शून्य लिहायचं, रिकामी जागा सोडायची नाही. आकडा ज्या सकाळी वाचला त्या तारखेला मांडायचा, आदल्या दिवशी नाही, नाहीतर सरकारी नोंदीशी एक दिवसाचा घोळ होतो. आणि जोराचा पाऊस चालू असेल तर मधेच वाचून ओतून टाका आणि बेरीज करा, कारण घरगुती मापकं भरून वाहतात, आणि नेमक्या त्याच दिवसाचा आकडा आपल्याला हवा असतो. मे संपायच्या आत बसवा, २०२५ ला मान्सून २६ मेलाच मुंबईत आला होता.